संरक्षण संशोधनाचा ‘डेअर टू ड्रीम’ पुरस्कार : नगरच्या मुलांनी अर्ज का आणि कसा करावा

नगरहून दौंडकडे जाताना व्हीआरडीई लागते. शहरात बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं की आत लष्कराच्या गाड्यांची चाचणी होते. ही डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची प्रयोगशाळा. मूळची रावळपिंडीजवळच्या चकलाल्याची, 1947 मध्ये नगरला आली. टाटा मोटर्ससोबत तयार केलेली ‘व्हॅप’ ही आठ चाकांची चिलखती गाडी हिचंच काम. आपल्याच जिल्ह्यातल्या के. के. रेंजवर 22 सप्टेंबर 2020 रोजी अर्जुन रणगाड्यातून लेझरच्या आधारे जाणारं क्षेपणास्त्र डागलं गेलं आणि 3 किलोमीटरवरचं लक्ष्य टिपलं गेलं. (रेंज म्हटलं की राहुरी-पारनेरकडच्या लोकांना आधी जमिनीचा प्रश्न आठवतो, तो वेगळा विषय.)

एवढं सगळं दारात असूनही “ते आपल्यासाठी नाही” असं आपल्या घरांत सर्रास बोललं जातं. गंमत म्हणजे याच डीआरडीओची नवकल्पनांची खुली स्पर्धा मरहूम डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या स्मरणार्थ आहे. नाव ‘डेअर टू ड्रीम’. ती 2019 मध्ये सुरू झाली. दुसरी फेरी 27 जुलै 2020 रोजी, कलामसाहेबांच्या पाचव्या स्मृतिदिनी जाहीर झाली. त्या वेळी बक्षीस स्टार्टअपला 10 लाखांपर्यंत आणि एकट्या व्यक्तीला 5 लाख रुपयांपर्यंत होतं. म्हणजे कंपनी नसली तरी दार बंद नाही. निवड तज्ज्ञांची समिती करते. जिंकलेली कल्पना प्रत्यक्षात उतरवायला डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीतून मदतीची वाटही आहे.

डीआरडीओचे ‘सायंटिस्ट ऑफ द इयर’ किंवा ‘अग्नी’ यांसारखे पुरस्कारही आहेत, पण ते संस्थेत किंवा संस्थेबरोबर काम करणाऱ्यांसाठी.

संरक्षण संशोधन म्हणजे फक्त बॉम्ब-बंदुका, असं समजू नका. रामेश्वरमच्या नावाड्याचा हा मुलगा 1982 मध्ये हैदराबादच्या क्षेपणास्त्र प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. अग्नी क्षेपणास्त्रासाठी तिथे अतिशय हलकं साहित्य बनवलं होतं. पोलिओ झालेली मुलं पायाला जवळपास 3 किलोचे धातूचे कॅलिपर बांधून चालत होती. त्याच साहित्यातून सुमारे 300 ग्रॅमचे कॅलिपर तयार झाले. आपल्या मुलांच्या डोक्यातली कल्पनाही अशीच असू शकते : हलकी, स्वस्त, सैनिकाच्याही आणि गावातल्या पेशंटच्याही कामाची.

आणि नगरला हे शास्त्र काही नवं नाही. आज विजापुरात असलेली सुमारे 55 टनांची ‘मलिक-ए-मैदान’ तोफ निजामशाहीच्या काळात, 1549 मध्ये, याच नगरात ओतली गेली. ओतणारा तुर्की कारागीर रूमी खान. एवढं मोठं ओतीव काम करायला भट्टी, साचा, धातूचं मिश्रण, सगळ्याचं गणित लागतं.

आता कामाचं. मुलगा किंवा मुलगी आयटीआय, डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंग करत असेल, तर व्हीआरडीईच्या अप्रेंटिसशिपच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. वर्षभर आत काम बघितलं की लष्कराची खरी अडचण कळते, आणि अडचण कळल्याशिवाय चांगली कल्पना सुचत नाही. स्टार्टअप सुरू केलेल्यांसाठी संरक्षण मंत्रालयाची 2018 पासूनची ‘आयडेक्स’ योजना आहे. त्यात दीड कोटींपर्यंत अनुदान मिळतं, मात्र बरोबरीने स्वतःचा वाटाही घालावा लागतो. तो कुठून आणणार, याचा हिशेब अर्जाआधीच घरच्यांसोबत बसून करा.

अजून एक. कल्पना प्रदर्शनात किंवा यूट्यूबवर दाखवण्याआधी तात्पुरता पेटंट अर्ज भरून ठेवा. आधी जगजाहीर झालेल्या गोष्टीवर पेटंट मिळणं अवघड जातं. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण अर्जासाठी 12 महिने मिळतात. स्पर्धेच्या जुन्या फेऱ्यांच्या तारखा व्हॉट्सअॅपवर फिरत असतात, त्यावर जाऊ नका. चालू फेरी आणि तिचे नियम डीआरडीओच्या अधिकृत वेबसाइटवरच बघा.