काळे अक्षर आणि मोडीचा कागद

वाचकहो, वडूजच्या बाजारात दुकानाच्या पाटीवरचे नाव ठळक का काढतात? लांबून वाचता यावे म्हणून. युरोपात अशा जाड, कोनदार अक्षरांचे एक घराणेच आहे. त्याला ‘ब्लॅकलेटर’, म्हणजे काळे अक्षर, म्हणतात. ते रुंद टोकाच्या लेखणीतून आले. तिरपा कापलेला आपला बोरूही अशीच जाड-बारीक रेघ देतो. या वळणाचे खिळे पाडून गुटेनबर्गने जर्मनीत १४५५च्या सुमारास बायबल छापले.

पुढे इतर देशांनी साधी रोमन अक्षरे धरली. जर्मनांनी मात्र काळे वळण पुस्तकांतही जपले. ३ जानेवारी १९४१ रोजी हिटलरच्या राजवटीने ते हुकुमाने बंद केले; ‘ही ज्यूंची अक्षरे’ असे खोटेच कारण दिले. शाळेतले जुने हस्ताक्षरही त्याच वर्षी गेले. मग नातवाला आजोबांचे पत्र वाचता येईना! आता ते अक्षर उरले वर्तमानपत्राच्या नावापुरते, प्रशस्तिपत्रापुरते.

आपल्या मोडीचे काय झाले? छापखान्यांनी बालबोध धरली, आणि गेल्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून उठली. खटाव तालुक्यात कुणाच्या पेटीत जमिनीचा मोडी कागद असेल, तर तो वाचायला दुसऱ्याचे तोंड पाहावे लागते. दुसरा सांगेल ते खरे!

गुरुजी, पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग घेते. २०१४ साली मोडी संगणकाच्या युनिकोडमध्येही आली. अक्षर पाटीपुरते उरले तरी चालेल, पण गावात एक तरी वाचणारा हवा. तेवढा एक विद्यार्थी तयार करा.