वस्त्रगाळ : हार्ड डिस्कमधल्या धुळीचा इतिहास

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत वाळूला कुणी घाण म्हणत नाही. फौंड्रीचा सगळा व्यवहारच वाळूवर चालतो. साचा वाळूचा आणि पोकळीसाठी साच्यात बसवायचा कोअरही वाळूचा. ओतलेले लोखंड थंड झाले, की मात्र तीच वाळू वैरीण ठरते. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये तेलाच्या वाटेत तिचा चुरा राहिला, तर बेअरिंगवर ओरखडे उठतात आणि नवे इंजिन थोड्याच दिवसांत कुरकुरू लागते. फिरता शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधला तेलाचा थर भार पडला असता काही मायक्रॉन एवढाच उरतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. तेव्हा कण घाण आहे की नाही, हे त्या कणावर ठरत नाही. तो ज्या फटीत शिरतो, त्या फटीवर ठरते.

हार्ड डिस्कचा सत्तर वर्षांचा इतिहास या एका वाक्यात मावतो, आणि उद्यमनगरातल्या बेअरिंगशी त्याचे नाते केवळ उपमेचे नाही. तेलाचा पातळ थर जड शाफ्टला उचलून कसा धरतो, याचे गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडले. फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असली, की फिरणारा पृष्ठभाग तेलाला त्या पाचरीत ओढून नेतो. तिथे दाब वाढतो आणि वरचा भाग उचलला जातो. तेलाच्या जागी हवा घेतली आणि समीकरणात त्याप्रमाणे फेरफार केले, की तेच गणित हार्ड डिस्कच्या स्लायडरला लागू पडते. स्लायडर म्हणजे फिरत्या तबकडीवर तरंगणारा छोटा ठोकळा. चुंबकीय खुणा लिहिणारे-वाचणारे हेड त्याच्या मागच्या कडेला बसवलेले असते.

पहिल्या यंत्रात हा स्लायडर नव्हता. आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘रॅमॅक’ १९५६ मध्ये जाहीर झाले. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनभर आणि साठवण सुमारे पन्नास लाख अक्षरांची. हेड तबकडीला घासू नये म्हणून त्यातून दाबाची हवा सोडत. मधले अंतर असे सुमारे वीस मायक्रॉन. तबकड्यांवर लोहाच्या ऑक्साइडचा रंग चढवायचा होता, आणि रंगात गुठळी राहिली तर हेड तिच्यावर आपटणार. म्हणून तो रंग रेशमी पायमोज्यातून गाळून, फिरत्या तबकडीच्या मध्यावर ओतून पसरू देत. आपल्याकडे वैद्य चूर्ण वस्त्रगाळ करतात, त्याहून यात निराळे काही नव्हते. हार्ड डिस्कमधल्या स्वच्छतेची सुरुवात अशी कापडापासून झाली.

स्लायडर आला तो १९६१ च्या ‘१३०१’ या यंत्रातून. आता बाहेरून हवा पुरवावी लागत नव्हती. तबकडी फिरली, की तिच्या पृष्ठभागालगतची हवाच स्लायडरला उचलून धरी. अंतर वीस मायक्रॉनवरून सहापर्यंत उतरले. जितके हेड जवळ, तितक्या चुंबकीय खुणा बारीक आणि दाट लिहिता येतात. साठवण वाढवण्याची सगळी धडपड त्यामुळे हे अंतर कमी करण्याची धडपड झाली. दुसऱ्याच वर्षी काढता-घालता येणाऱ्या तबकड्यांचे जुडगे बाजारात आले. ते सोयीचे होते, पण दर अदलाबदलीला खोलीतली हवा आत शिरे. एखाद्या कणाने स्लायडरचा तोल गेला, तर तो तबकडीला घासे. खरवडलेल्या ऑक्साइडचे नवे कण तयार होत आणि ते पुढचा घात करीत. संगणकवाले याला ‘हेड क्रॅश’ म्हणू लागले.

याच सुमारास अमेरिकेतील सॅन्डिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफिल्ड हे पदार्थवैज्ञानिक स्वच्छ खोलीचा विचार करीत होते. तोवरची स्वच्छ खोली म्हणजे सतत पुसलेली, झाडलेली खोली. पण तिथल्या हवेत भोवरे फिरत, आणि उडालेला कण त्यांच्याबरोबर फिरत राही. व्हिटफिल्ड यांनी झाडण्याचा नाद सोडला. गाळलेली हवा संथपणे एका दिशेने वाहू द्यायची आणि जाळीतून बाहेर काढायची, म्हणजे निर्माण झालेला कण तिथल्या तिथे वाहून जातो. १९६३ च्या अमेरिकी मानकात अशा खोल्यांचे वर्ग ठरले. ‘क्लास १००’ म्हणजे एका घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त नकोत. शहरातल्या साध्या खोलीत हीच संख्या लाखांत जाते. या खोलीत धुळीचा सर्वांत मोठा उगम म्हणजे माणूस: त्याची झडणारी त्वचा, केस, कपड्यांचे तंतू. म्हणून पावडर, काजळ, सुगंधी तेल यांना तिथे मज्जाव असतो आणि माणसाला पायापासून डोक्यापर्यंत झाकून घ्यावे लागते.

१९७३ मध्ये आयबीएमच्या केनेथ हॉटन यांच्या गटाने ‘विंचेस्टर’ रचना आणली. तिने ही खोलीच डब्यात बसवली. हेड आणि तबकड्या एकाच बंदिस्त पेटीत कायमच्या राहू लागल्या. हलक्या स्लायडरला विश्रांतीच्या वेळी वंगण लावलेल्या तबकडीवरच उतरू दिले. तरंगण्याचे अंतर आता अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे सिगारेटच्या धुराचा कणही अडावा इतके. पेटीत तबकडीने ढवळलेली हवा गाळणीतून पुन्हा पुन्हा जाते. आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक छिद्र ठेवतात, त्यालाही गाळणी असते. घरच्या हार्ड डिस्कवर छिद्राशेजारी ‘हे झाकू नका’ अशी सूचना असते, ती याचसाठी.

या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. जुगी टंडन या भारतीय अभियंत्याने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात टंडन कॉर्पोरेशन काढली. तिचे पहिले उत्पादन होते फ्लॉपी ड्राइव्हची हेड. ते काम हाताचे, बारीक आणि वेळखाऊ. म्हणून ते भारतात करून घेतले जाई. अंधेरीला १९७३ पासून सुरू असलेल्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात टंडन यांचा कारखाना होता. सीप्झमधल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत तरुण स्त्रियांचा भरणा मोठा. फ्लॉपीचे हेड तबकडीला टेकूनच चालते, त्यामुळे तिथली शिस्त थोडी सैल. फ्लॉपीच्या आवरणात आतून मऊ कापड असते आणि ते फिरत्या तबकडीवरची धूळ पुसत राहते. पुन्हा कापडच. पुढे टंडन हार्ड डिस्ककडे वळली, आणि १९८८ मध्ये तिचा डिस्क ड्राइव्हचा व्यवसाय वेस्टर्न डिजिटलने घेतला. संगणकाच्या इतिहासात मालकांची नावे आहेत. भिंगाखाली केसाहून बारीक तार जुळवणाऱ्या मुलींची फारशी नाहीत.

पेटी बंद झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. तसे झाले नाही, कारण आता घाण आतूनच येऊ लागली. डिंक, रबरी पट्टी, मोटरमधले वंगण, लेबलामागचा चिकट थर यांतून अतिसूक्ष्म वाफा सुटतात आणि स्लायडरवर जाऊन बसतात. सिलिकॉनयुक्त वाफा तर घर्षणाच्या जागी वाळूसारखा कडक थर तयार करू शकतात. क्लोरीन आणि गंधकाचे अंश धातू गंजवतात. तबकडी फार गुळगुळीत केली, तर थांबलेला स्लायडर वंगणाच्या थराला चिकटून बसतो. कणाला गाळणी अडवते, वाफेला अडवत नाही. म्हणून कारखान्यांनी पद्धत बदलली. स्लायडर ध्वनिलहरींच्या स्नानात, क्षार काढलेल्या पाण्याने धुणे चालूच राहिले. पण त्याआधी पेटीत जाणारा प्रत्येक सुटा भाग तापवून त्यातून काय बाहेर पडते हे तपासू लागले. सफाईची जागा निवडीने घेतली.

बंद डब्याचा हा धोका कोल्हापूरला नवा नाही. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट सेल्युलोज नायट्रेटच्या फितीवर होते. ही फीत जुनी होताना आम्लधर्मी वायू सोडते, आणि घट्ट डब्यात कोंडलेला तोच वायू तिचा नाश वेगाने करतो. धुळीपासून जपण्यासाठी लावलेले झाकण फितीच्या मुळावर येते. १९२० चा ‘सैरंध्री’ आज आपल्याला पाहता येत नाही. आगी, हेळसांड आणि असा आतला क्षय यांनी त्या काळातले बहुतेक चित्रपट नेले.

आजचा स्लायडर मिलिमीटरभरही लांब नसतो. तबकडीपासून त्याच्या हेडचे अंतर काही नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनच्या काही हजारांश भागांएवढे. तबकडीवरचा वंगणाचा थर जेमतेम एका रेणूच्या जाडीचा. २०१३ मध्ये हवेऐवजी हेलियम भरून पूर्ण बंद केलेली डिस्क बाजारात आली. तिला श्वासाचे छिद्रही नाही.

एवढी स्वच्छता किती नाजूक असते हे २०११ मध्ये दिसले. थायलंडच्या महापुरात बँकॉकच्या उत्तरेला असलेला बांग पा-इन येथील वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्याखाली गेला. तिथे स्लायडर तयार होत. जिथे त्वचेची एक खपली चालत नव्हती, तिथे गढूळ पाणी भरले. यंत्रे काढायला पाणबुडे उतरवावे लागले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. पंचगंगेचे २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या वाचकाला त्या गाळाचा वास वेगळा सांगायला नको.

पूर ओसरल्यावर आपण भांडी, धान्य, कागद वाचवतो. आता लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशोब, गावाच्या इतिहासाची टिपणे डिस्कमध्ये असतात. भिजलेली डिस्क चालू होते का पाहू, म्हणून वीज जोडणे हा तिचा अंत ठरू शकतो. आतल्या गाळाचा एक कण स्लायडरखाली आला, की मघाची खरवड सुरू होते. ती उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नये, उघडू नये. आहे तशी ओलसर, पिशवीत गुंडाळून स्वच्छ कक्ष असलेल्या जाणकाराकडे न्यावी. आणि पूर येण्याआधी दुसरी प्रत दुसऱ्या गावी, उंचावरच्या घरी ठेवावी. स्वच्छ खोलीत तयार झालेली वस्तू आपल्या घरी येते, तेव्हा ती नदीकाठच्याच घरात येत असते.