कुरकुर, टकटक आणि धाड

परवा नातू गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "आजोबा, पुढच्या चाकाकडनं कुरकुर येतीय." मी कान टवकारले, पण मला काही ऐकू येईना. वय झालं की बारीक आवाज आधी जातात, त्यातलाच हा प्रकार. मग मनात आलं, चाकाच्या या कुरकुरीलाही एक इतिहास आहे.

आमच्या लहानपणी कोल्हापुरात रस्त्यावर दोन आवाज ओळखीचे होते, बैलगाडीचा आणि टांग्याचा. बैलगाडीला स्प्रिंग नावाचा प्रकारच नव्हता. लोखंडी धावेखाली दगड आला की धक्का थेट मणक्यात! कुरकुरायचा तो आख, आणि त्याला औषध वंगणाचं.

टांग्याला मात्र एकावर एक रचलेले पोलादी पाटे असत. इंग्लंडात ओबादाया इलियट या गाडी बनवणाऱ्या कारागिरानं १८०४ च्या सुमारास लंबगोल पाट्यांचं पेटंट घेतलं, आणि घोडागाडीचा प्रवास सुसह्य झाला. पाटे वाकताना एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातच उसळी जिरते. म्हणजे पाट्यांचं कुरकुरणं ही नुसती तक्रार नव्हे, काम चालू असल्याची पावतीही होती.

हेच पाटे पुढं ॲम्बॅसॅडर आणि पद्मिनीच्या मागच्या चाकांवर आले. पुढं मात्र ॲम्बॅसॅडरला पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्या, तर पद्मिनीला गुंडाळीची स्प्रिंग. (ही पद्मिनी १९६४ साली कुर्ल्यात 'डिलाइट' नावानं जन्मली. पद्मिनी हे बारसं १९७४ चं.) गुंडाळीची स्प्रिंग कशावर घासत नाही, त्यामुळं एकदा उसळली की उसळतच राहते. तिला आवरायला शॉकअप लागतो. त्यातलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि उसळीची उष्णता होते.

अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्यानं स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवले. १९५० साली लोकांपुढं आलेल्या इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सलला ही रचना होती. आपल्याकडं डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना तीच होती. पुढं सांध्यांना ग्रीस भरायची पद्धतही मागं पडली. सीलबंद बॉल जॉइंट आणि रबरी बुश आले. जुना सांधा कुरकुरून ग्रीस मागायचा. नवा गप्प राहतो, आणि बोलतो तेव्हा बहुधा बदलायचीच वेळ झालेली असते.

हे मी २००९ साली शिकलो. कोकणात लग्नाला निघायचं होतं. बारीक खडीवर गाडी टकटक करायची. एका गॅरेजवाल्यानं दोन्ही शॉकअप बदलले, पैसे घेतले, आवाज तसाच! मग उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी पान्याला हात लावण्याआधी विचारलं, "मास्तर, आवाज येतो कधी? खड्ड्यात, वळताना, का ब्रेक मारल्यावर?"

मग त्यांनी मला शिकवणी दिली. स्पीडब्रेकरवर हळू जाताना कुरकुर आली तर रबर सुकलंय. मोठ्या खड्ड्यात धाड झालं तर शॉकअप बघा. बॉनेटचा कोपरा दाबून सोडा, गाडी डुलत राहिली तर शॉकअप गेला. जागेवर स्टिअरिंग फिरवताना खट वाजलं तर वरचं बेअरिंग. आणि बारीक खडीवर टकटक म्हणजे लिंक रॉड, नाहीतर बॉल जॉइंट.

त्यांनी गाडी उचलून खाली घोडी लावली, टायरखाली पहार घालून चाक वर रेटलं. खालच्या आर्मचा बॉल जॉइंट बोटभर हलला. "करूळ घाटात हा निखळला असता तर चाक आडवं पडलं असतं," ते शांतपणे म्हणाले. माझ्या अंगावर काटा आला. त्या प्रवासात सूनबाईंच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ असणार होतं.

परवा कुरकुर ऐकणारा नातू तोच. त्यालाच मिस्त्रींकडं घेऊन गेलो. स्टॅबिलायझर बारचं रबर सुकलं होतं, किरकोळ काम निघालं. पण मिस्त्रींनी विचारलं, "आवाज येतो कधी?" तेव्हा उत्तर त्यानं दिलं, आणि अगदी बिनचूक दिलं.

आता गाडीत माझे कान तोच. तुमच्या गाडीत असे कुणाचे तरुण कान असतील, तर त्यांचं ऐका बुवा.