उंबरठ्याच्या आतील तार : एका सीमारेषेचा इतिहास

राधानगरीसारख्या डोंगराळ गावी घरमालकाने घरातील संगणक, दूरचित्रवाणी संच व कॅमेरे जोडण्यासाठी स्वतः केबल ओढावी आणि भिंतीवर लहानसे कॅबिनेट बसवावे, ही गोष्ट वरवर पाहता इतिहासाचा विषय वाटत नाही. तथापि बाहेरची तार कोठे संपते व घरची तार कोठे सुरू होते, असा प्रश्न केला असता तिच्यामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आढळतो. तो थोडक्यात मांडणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम विजेच्या तारेचा विचार करू. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राजर्षी शाहू छत्रपतींनी हाती घेतलेले भोगावतीवरील धरण स्वातंत्र्योत्तर काळात पूर्णत्वास गेले व त्याच्या पाण्यावर वीजही निर्माण होऊ लागली. घरोघर आलेल्या या विजेची सीमा म्हणजे मीटर. मीटरच्या पलीकडील तारा ग्राहकाच्या मालकीच्या असत. परंतु त्या बसविण्याचे काम, किरकोळ अपवाद वगळता, परवानाधारक कंत्राटदारानेच करावे असे 1956 च्या भारतीय वीज नियमांनी ठरविले. स्वामित्व ग्राहकाचे, हात मात्र दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था होती.

टेलिफोनच्या बाबतीत स्वामित्वही ग्राहकाकडे नव्हते. टेलिफोन हाही कायद्याच्या दृष्टीने तारयंत्रच होय, असा निर्णय इंग्लंडमधील न्यायालयाने 1880 मध्ये दिला होता. 1885 च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रे उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे राखला. त्यामुळे दीर्घ काळ भिंतीवरील तार आणि मेजावरील यंत्र ही दोन्ही खात्याची मालमत्ता राहिली. अमेरिकेत 1968 च्या कार्टरफोन निर्णयाने ग्राहकाला स्वतःचे उपकरण जोडण्याची वाट खुली केली. भारतात हा बदल क्रमाक्रमाने झाला आणि 1885 च्या अधिनियमाची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम 2023 मध्ये संमत झाला.

मधल्या काळात तार घरमालकाच्या हाती आली, ती केवळ कायद्यामुळे नव्हे. तिचे श्रेय मुख्यतः मानकांना द्यावे लागेल. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्यास शेजारच्या तारांचा उपद्रव कमी होतो, या कल्पनेचे पेटंट ग्रॅहम बेल यांना 1881 मध्ये मिळाले. 19 इंच रुंदीची चौकट 1920 च्या दशकातील अमेरिकन टेलिफोन केंद्रांत रूढ झाली. आजचे घरगुती कॅबिनेटही बहुधा त्याच मापाचे असते. 1991 मध्ये अमेरिकेत इमारतींतील तारकामाचे मानक प्रसिद्ध झाले. चार जोड्यांतील आठ तारांचा रंगक्रम, भिंतीतील केबलसाठी 90 मीटरची मर्यादा आणि प्रत्येक खोलीची केबल एकाच ठिकाणी आणण्याची रीत त्यामुळे निश्चित झाली. जे ज्ञान पूर्वी खात्याच्या तंत्रज्ञापाशी होते ते आता नियमात उतरले, आणि केबलमधील विद्युतदाबही अल्प असल्याने ते काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

मात्र मानकाला गावचे हवामान ठाऊक नसते. राधानगरीचा पाऊस आणि जांभ्याच्या भिंतींतील ओल ध्यानात घेता कॅबिनेट बाहेरच्या भिंतीवर न बसविता आतल्या कोरड्या भिंतीवर, जमिनीपासून उंच आणि हवा खेळेल असे बसविणे इष्ट. वीजवाहक तारांची नळी वेगळी ठेवावी. कॅबिनेटला वीजपुरवठा करणारी जोडणी व भूयोजन ही कामे परवानाधारकाकडेच सोपवावीत. वळवाच्या पावसातील विजा लक्षात घेऊन घर आणि दूरचा गोठा यांच्यामध्ये तांब्याच्या केबलऐवजी धातुरहित प्रकाशतंतू घालणे श्रेयस्कर. कारण काच वीज वाहून नेत नाही.

सीमारेषा सरकली तसे उत्तरदायित्वही सरकले. खात्याच्या तारेचे नकाशे खात्यात राहत. घरमालकाने ओढलेल्या तारेची नोंद त्याने स्वतः ठेवली नाही तर ती कोठेच राहत नाही. पुढच्या पिढीने भिंतीला खिळा ठोकला की तो अभाव उघड होतो. म्हणून प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना समान क्रमांक देऊन तारांचा आराखडा कॅबिनेटच्या दाराआड चिकटविणे अगत्याचे आहे. घरांच्या पाहणीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी मालकाच्या संमतीने अशा आराखड्यांच्या नकला उतरून घ्याव्यात. एकविसाव्या शतकातील ग्रामीण घर कसे जोडले गेले, याचे ते मूळ साधन ठरेल.