सर्वांची लस, एकाची लस

मागच्या व्याख्यानानंतर इथेच राजापेठेत एका गृहस्थांनी आम्हाला थांबवलं. त्यांच्या थोरल्या भावाला स्वादुपिंडाचा कर्करोग. म्हणाले, "सर, थे नवी लस आपल्याले कवा भेटन?" उत्तराआधी थोडा इतिहास पाहू.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात जंतू वाढवले. द्रवावर तुपाचे थेंब सोडले की त्यांखाली जंतूंचे धागे लोंबायचे! ते जंतू उष्णतेने मारून लस झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळा तुरुंगात स्वेच्छेने टोचून घेणारे आणि न घेणारे, अशी तुलना केली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला आली. तीच आजची हाफकिन संस्था.

तिथे शत्रू बाहेरचा, म्हणून एकच लस सर्वांना. कर्करोग मात्र आपल्याच पेशींतून उपजतो आणि प्रत्येकाच्या गाठीतले बदल निराळे. वैशेषिकांचे शब्द जरा सैल वापरायचे तर प्लेगची लस 'सामान्या'ची, ही 'विशेषा'ची. शिवाय ही रोग टाळायला नाही, झाल्यावर द्यायची.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये विनोद बालचंद्रन आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेली गाठ तपासली. तिच्यातले जास्तीत जास्त २० बदल निवडून बायोएनटेकने प्रत्येकासाठी वेगळी एमआरएनए लस बनवली. २०२३ चे निष्कर्ष असे: १६ जणांना लस दिली, ८ जणांच्या टी-पेशी जाग्या झाल्या आणि त्यांच्यात रोग परतायला जास्त काळ लागला. आशा आहे, पण माणसं सोळाच. आणि बहुतेकांचा हा रोग कळतो तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते.

आपल्याकडे काय? आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या कामातून रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देणारा उपचार उभा राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तो काही रक्तकर्करोगांसाठी आहे, लस नव्हे. पण एकेकट्या माणसाचं औषध इथेही बनू शकतं, एवढं त्याने दाखवलं.

त्या गृहस्थांना आम्ही खरं तेच सांगितलं: ही लस अजून चाचणीत आहे, बाजारात नाही. कोणी तिच्या नावावर पैसे मागितले तर देऊ नका, भावाच्या डॉक्टरांना विचारा. ते गप्प राहिले. सर्वांची लस सरकारने टोचली. एकाची लस बनली तर तिचा खर्च कोण उचलणार? हा प्रश्न प्रयोगशाळेचा नाही, आपला आहे.