एम-एटीची कैफियत

मुचकुंदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या पूर्णगडाला कोकणच्या इतिहासात थोडी का होईना, जागा आहे. त्याच परिसरातून वर्षानुवर्षे मासळीचे क्रेट लादून चढाव चढलेल्या बजाज एम-८०ला, लोकांच्या तोंडी ‘एम-एटी’ला, तशी जागा कोणी दिलेली नाही. तिथल्या एका निवृत्त मासळीविक्रेत्याची पडून असलेली एम-एटी मी गेल्या पावसाळ्यात खोलली आणि चालू केली. तिच्या सुट्या भागांत मला जे वाचता आले, ते इथे मांडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकने पियाजिओच्या ‘चाओ’वर बेतलेली लूना आणली. ती ५० सीसीची, वेळप्रसंगी पायडल मारून नेता येणारी. सपाटीला ती छान. ओझ्यासकट कोकणातल्या चढावावर तिची दमछाक व्हायची. बजाजची एम-५० आली १९८१मध्ये आणि एम-८० आली १९८६मध्ये. ७४ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत तीन गिअर, आऱ्यांची चाके. तोवर किनाऱ्याची मासळी आतल्या गावांत जायची ती बाईच्या डोक्यावरच्या टोपलीतून किंवा एसटीने. मासळी मऊ पडायच्या आत पाय जितके अंतर तोडतील, तितकाच तो व्यापार. एम-एटीने ही हद्द वाढवली.

माझ्या हाती आलेल्या गाडीची मागची सीट काढून तिथे लोखंडी अँगलचा कॅरियर वेल्डिंग केलेला होता. पुढचा सांगाडा शाबूत होता. कॅरियरखालचा भाग मात्र कागदासारखा झाला होता. गाडी समुद्राकाठी राहिली, पण तिला खाल्ले ते क्रेटमधून ठिबकणाऱ्या बर्फाच्या खारट पाण्याने. गिअरबॉक्स उघडला, तर पहिल्या गिअरचे दाते झिजून गोल झालेले, तिसऱ्याचे जवळजवळ नव्यासारखे. ही गाडी सपाटीला फारशी धावलीच नव्हती; ओझे घेऊन चढत राहिली होती.

टाकीतला गंज काढला, कार्बोरेटरचे जेट साफ केले, प्लगला ठिणगीही चांगली होती. तरी चोक बंद केला की इंजिन मरायचे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि तेलाचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि खाली येणारा पिस्टन ते दाबून सिलिंडरमध्ये पाठवतो. त्यामुळे क्रँककेस हवाबंद लागते. तिथली ऑइल सील वाळून चिरली होती आणि नको ती हवा आत शिरत होती. सील बदलली, बोअर करून नवे पिस्टन-रिंग बसवले, लिटरला २० मिलिलिटर तेल घातले आणि गाडी तिसऱ्या किकला बोलली. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते दमट हवेतले पाणी ओढते, म्हणून गाडी उभी ठेवायची तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करतो.

सायलेन्सरमधून निळा धूर निघाला, तोही एक पुरावाच. मिश्रणातले तेल जळूनच बाहेर पडते. २०००च्या कडक प्रदूषण-नियमांनंतर अशा इंजिनांचे दिवस भरत आले, आणि ते योग्यच झाले. त्या धुराचे गोडवे मला गायचे नाहीत.

मला सांगायचे आहे ते त्या कॅरियरबद्दल. त्या गाडीवर दुसऱ्या माणसाला बसायला जागा नव्हती. टोपली बाईच्या डोक्यावर होती. क्रेट पुरुषाच्या गाडीवर गेला. बाजारात बसून विकणाऱ्या बायका आजही आहेत, पण दारोदारची गिऱ्हाइके आणि त्यांच्याकडून येणारे रोजचे पैसे बऱ्याच ठिकाणी गाडीवाल्याकडे गेले. व्यापार वाढला हे खरे. तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, हेही तितकेच खरे. याची नोंद दफ्तरात शोधायला गेलो तर हाती काही लागणार नाही. त्या वेल्डिंगमध्ये ती आहे.

अशा गाड्या आता भंगारात किलोवर जातात. जाण्याआधी निदान त्यांचा फोटो काढावा, कॅरियरचे माप घ्यावे, चालवणाऱ्याला त्याचा रोजचा रस्ता विचारावा. आणि त्याच रस्त्याने पूर्वी टोपली घेऊन चालत गेलेल्या बायका अजून आपल्यात आहेत, तोवर पहिला प्रश्न त्यांना विचारावा.