ॲस्टेरिस्क : संगणकात सामावलेले टेलिफोन एक्स्चेंज

कार्यालयातील फोन परस्परांशी जोडणे, बाहेरून आलेला कॉल योग्य विभागाकडे वळवणे, कोणी उपस्थित नसल्यास निरोप ध्वनिमुद्रित करणे ही कामे करणारे खासगी एक्स्चेंज आपल्याकडे ‘ईपीएबीएक्स’ या नावाने परिचित आहे. हीच कामे साध्या संगणकाकडून करवून घेणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ॲस्टेरिस्क.

अमेरिकेतील मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये त्याची निर्मिती केली. लिनक्स वापरणाऱ्यांना तांत्रिक साहाय्य देणाऱ्या आपल्या छोट्या व्यवसायासाठी त्यांना एक्स्चेंज हवे होते. तयार यंत्रणा परवडणारी नसल्याने त्यांनी ती स्वतःच लिहिली. डेस्कटॉपवरील ‘गेम’ हे संदेशवहनाचे मुक्त सॉफ्टवेअरही मूळ त्यांचेच. २००७ मध्ये त्याचे ‘पिजिन’ असे नामांतर झाले. जिम डिक्सन यांनी मेक्सिकन क्रांतिकारक झपाटा यांच्या नावाने चालवलेल्या प्रकल्पाची ॲस्टेरिस्कला मोलाची जोड मिळाली. महागड्या कार्डावरील चिपकडून होणारी ध्वनिप्रक्रिया या प्रकल्पाने संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडे सोपवली आणि कार्ड स्वस्त झाले.

ॲस्टेरिस्कचा गाभा म्हणजे ‘डायल प्लॅन’. कोणता क्रमांक फिरवल्यावर काय घडावे, हे त्यात ओळीओळीने लिहिलेले असते. कॉल जुळवणे व संपवणे ही बोलणी ‘सिप’ या नियमावलीनुसार होतात. प्रत्यक्ष आवाज ‘आरटीपी’द्वारे स्वतंत्रपणे वाहतो. टेबलावर आयपी फोन ठेवता येतो किंवा लिनफोनसारखे मुक्त सॉफ्टवेअर घालून डेस्कटॉप संगणकालाच फोन बनवता येते. डायल प्लॅन हाताने लिहिणे अवघड वाटल्यास ‘फ्रीपीबीएक्स’ ब्राउझरमधून मांडणी करू देते.

बाहेरच्या जगाशी जोडणी मात्र सॉफ्टवेअरमधून उगवत नाही. भारतात ती परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्यावी लागते. पीआरआय वाहिनी घेतल्यास तिच्यावर एका वेळी ३० कॉल चालू शकतात. इंटरनेट पद्धतीची सिप ट्रंक हा दुसरा पर्याय.

‘मुक्त’ म्हणजे केवळ फुकट नव्हे. जीपीएल परवान्यामुळे मूळ संहिता वाचण्याचा, बदलण्याचा व पुढे देण्याचा हक्क मिळतो. बंदिस्त एक्स्चेंजमध्ये निर्मात्याने मॉडेल बंद केले की सुटे भाग व दुरुस्ती यांसाठी ग्राहक अडून बसतो. स्पेन्सर यांची ‘डिजियम’ कंपनी २०१८ मध्ये कॅनडाच्या ‘सँगोमा’ने विकत घेतली, तरीही आधी खुल्या झालेल्या संहितेवरील वापरकर्त्यांचा हक्क अबाधित राहिला.

या स्वातंत्र्याला मर्यादाही होत्या. ‘जी.७११’ पद्धतीत आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात, तर ‘जी.७२९’ला केवळ ८. पण जी.७२९ पेटंटने बांधलेली असल्याने ॲस्टेरिस्क मोफत असूनही तिच्यासाठी पैसे मोजावे लागत. पेटंटची मुदत २०१७ मध्ये संपली. तत्पूर्वी, २०१२ मध्ये, ‘ओपस’ ही खुली पद्धत प्रमाणित झाली होती.

सर्वांत मोठा धोका निष्काळजीपणाचा. क्रमांक १०१ आणि पासवर्डही १०१, अशी मांडणी इंटरनेटवर उघडी ठेवल्यास चोरटे ती स्वयंचलित शोधाने हेरतात आणि रातोरात परदेशी महागडे कॉल करतात. बिल मालकाच्या नावे येते. म्हणून दीर्घ पासवर्ड, अनोळखी पत्त्यांना फायरवॉलचा अटकाव, गरज नसल्यास आंतरराष्ट्रीय कॉल कंपनीकडूनच बंद करून घेणे आणि वेळच्या वेळी अद्ययावतीकरण ही पथ्ये अटळ आहेत. बंदिस्त यंत्रणेत देखभालीचा करार विकत मिळतो. मुक्त यंत्रणेत परवान्याचे पैसे वाचतात. त्यांतील काही भाग जाणकार माणसावर खर्च करण्याची तयारी असेल, तरच हे एक्स्चेंज खऱ्या अर्थाने आपले होते.